छप्पर नको म्हणणारी गारजाई

पांझरा नदीकाठच्या सावळखेड्यात सगळ्या गावाचा ऊस एकाच पाटाच्या पाण्यावर, एकाच रानात उभा असतो. त्याला फड म्हणतात. या फडात गारजाई बसली आहे. तिला छप्पर नाही, अंगण नाही, धड पायवाटही नाही. दर्शनाला यायचं तर अंग तिरकं करून उसात शिरायचं. पातं अंगाला कापलं तरी कुरकुर करायची नाही. वैशाखात बाहेर झळांनी डोळे मिटतात, पण आत पाऊल टाकलं की अंगाला ओलसर गारवा लागतो. इतर गावांवरून कोरडे निघून जाणारे वळवाचे ढगही म्हणे इथं थबकतात. पानांची वाफ म्हणा नाहीतर देवीची फुंकर म्हणा; आम्हा म्हाताऱ्यांना दोन्ही पटतं.

असं सांगतात, की फार पूर्वी इथल्या धुडकू पाटलांच्या सुनेची, ठगूबाईची, दोन लेकरं उन्हाळ्यानं नेली. तिसरं झालं तेव्हा पाटील नवस बोलले: नातू वैशाख तरला तर आईला दगडी मंडप आणि मोकळं अंगण देईन. ठगूबाई रोज लेकराची झोळी घेऊन फडात जायची, देवीपाशी उसाच्या सावलीत त्याला निजवायची. पोर तरलं.

पाटील शब्दाचे पक्के. पुढच्या वर्षी यात्रेला जागा हवी म्हणून फडात ऊस लावलाच नाही. अंगणाला फरशी पडली, मंडप उभा राहिला, गाव हरखलं. देवीचे उपकार फेडायला निघालेल्या माणसाला मागं कोण ओढणार? मग वैशाख आला. फरशी तव्यासारखी तापली, तिच्यावरून येणारा वारा भाजू लागला आणि ढग आले तसे पुढे गेले. मंडपात निजवलेलं पोर ठगूबाईनं उचललं, तर हाताला चटका बसला. आधीची दोघं अशीच गेली होती.

कुणाला न विचारता ती पोराला घेऊन नदीपल्याडच्या गावी गेली आणि तिथल्या उभ्या उसात जाऊन बसली. हळूहळू ताप उतरला, पोर दूध पिऊ लागलं. पाटील न्यायला आले, तर ती बाहेर येईना. सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडलेली बाई म्हणाली, "आबा, तठे देवी शे, पन ऊस नही. आठे ऊस शे, देवी नही. मना पोऱ्या आठे वाचना."

देवी तिकडे राहिली होती, पण पोर वाचलं होतं ते इकडच्या उसात. नवस मोडायचा म्हणजे देवीचा कोप ओढवून घ्यायचा. पाटलांनी नातवाच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि माघारी फिरले. स्वतः पहार घेऊन फरशी उखडली, मंडप उतरवला आणि देवीच्या पायाशी डोकं टेकलं. "माय, शब्द मी मोडा. शिक्षा माले दे, पोऱ्याले नको." त्या दिवशी मोडलेल्या नवसाचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी जन्मभरासाठी गूळ सोडला, आणि अंगणाच्या जागी पुन्हा ऊस लावला.

आजही पाटलांच्या गुऱ्हाळात गूळ तयार झाला की गावभर वाटला जातो; त्या घरचं कुणी मात्र बोटसुद्धा चाटत नाही. नवी सून आली की तिला हे पहिल्याच दिवशी सांगतात. ती कारण विचारते, तेव्हा सासू घरातलं सर्वांत लहान मूल आणून तिच्या मांडीवर ठेवते.