इनामदार फुलपाखरू

गजेंद्रराजांना नवा हत्तीखाना बांधायचा होता, आणि तोही नेमका हौसा फुलारणीच्या बागेत. माळरान राज्यात चिक्कार होतं. पण हत्तींना सावली मानवते असं कारभारी दाजीपंतांनी सांगितलं, आणि सावली हौसाच्या लिंबोणींची होती. बांधायचं तर आधी त्याच लिंबोणी तोडाव्या लागणार, हे काही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

राजे बाग पाहायला आले तेव्हा हौसा हातातला हार अर्धवट टाकून धावली. बाग गेली तर हार कशाचे करायचे आणि चूल कशी पेटायची?

"लोकांनी जुलमी म्हणायला नको," राजे पुटपुटले. तेवढ्यात एक फुलपाखरू येऊन त्यांच्या मंदिलावर बसलं. राजे खुलले. "शुभशकुन झाला! हौसा, हे जिवंत आहे तोवर बाग तुझी. मग तर झालं?"

दाजीपंत गालात हसले. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असाच हा न्याय होता. हौसालाही ते कळलं. माशी काय नि फुलपाखरू काय, पंखवाल्यांची चैन चार दिवसांची, हे तिनं बागेत जन्मभर पाहिलं होतं.

ती हात जोडून म्हणाली, "मग बाग त्यालाच इनाम द्या, महाराज. मी नुसती राखण करीन. बाकीच्या इनामदारांना जो रिवाज, तोच त्याला लावा म्हणजे झालं."

"तोच लावू," राजे हसत म्हणाले. दरबारी मंडळींनी राजांच्या औदार्याची तोंड भरून तारीफ केली.

दाजीपंतांनी इनामदारावर पहारेकरी बसवला. काही दिवसांतच फुलपाखरू मेल्याची वर्दी आली आणि हौसाला दरबारात बोलावणं गेलं. ती लिंबोणीची एक डहाळी घेऊन आली.

"इनामदार वारले," दाजीपंत म्हणाले. "बाग खाली कर."

"इनामदारीणबाई होत्या त्या," हौसा म्हणाली. "जाण्याआधी पानांवर अंडी घालून गेल्या. हा त्यांचा वारस. रिवाजाप्रमाणे इनाम आता त्याचं."

डहाळीवर एक गलेलठ्ठ हिरवी अळी पान कुरतडत होती. दरबाराकडे तिचं लक्षही नव्हतं.

"ही?" राजांनी नाक मुरडलं. "ना पंख, ना रंग. दिवसभर नुसती खाते!"

"वारस अज्ञान आहे, महाराज. पुढं कोशाच्या पाळण्यात निजेल आणि सज्ञान झाला की पंख फुटतील."

"तोवर जमीन सरकारजमा!" दाजीपंत गरजले.

हौसानं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. "महाराज, थोरले राजे गेले तेव्हा आपण पाळण्यात होता. तेव्हा राज्य कुणी जमा करून घेतलं होतं का? आईसाहेबांनी कारभार पाहिला आणि आपण सज्ञान झालात. तोपर्यंत आपणही खाण्यानिजण्यापलीकडं काय केलं असेल?"

चिकाच्या पडद्याआड आईसाहेबांना हसू फुटलं, आणि ते ऐकून राजेही पोट धरून हसू लागले.

"बाग वारसाची! हत्तीखाना माळावर बांधा," ते म्हणाले. "दाजीपंत, अज्ञान वारसाला सरकारातून वस्त्रं द्यायचा रिवाज आहे ना? आणा वस्त्रं."

"त्याची वस्त्रं तो स्वतःच विणतो, महाराज," हौसा म्हणाली. "पालनकर्तीचं लुगडं मात्र फाटलंय."

राजांनी हसत हसत खांद्यावरचा जरीचा शेला काढला आणि तिच्या हाती दिला.