ओला भोपळा

"पण उस्ताद, तो माणूस लबाड असता तर त्याला जवारीतलं एवढं कसं कळलं असतं?"

अश्फाक दस्तगीर उस्तादांच्या ओट्यावर येऊन बसला होता. ते तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारांखालची पट्टी, कानशीनं घासत होते. तारेला गुंजन येतं ते या घासण्यातून, तीच जवारी. मिरजेत हे काम अश्फाक त्यांच्याच हाताखाली शिकला होता. आता मात्र स्वतःला तो त्यांच्यापेक्षा अंमळ वरचाच समजत असे.

झालं होतं ते असं. परदेशातल्या कुणा संगीतशाळेच्या नावानं त्याला ई-मेल आला, चार तंबोरे हवेत. पाठोपाठ चेक आला, तोही किमतीच्या दुपटीहून मोठा. वरची रक्कम माल न्यायला येणाऱ्या वाहतूकदाराला आजच्या आज पाठवा, अशी विनंती. चेक भरला, खात्यात आकडा दिसला आणि अश्फाकच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं वरची रक्कम पाठवून दिली. वाहतूकदार आलाच नाही. काही आठवड्यांनी चेक खोटा निघाला आणि बँकेनं तो आकडाही काढून घेतला.

म्हणजे अश्फाकनं पाठवले ते पैसे गल्लीतल्या पाच घरांचे होते. लाकडासाठी वर्गणी काढून त्यांनी ते त्याच्या खात्यात ठेवले होते. इंग्रजी आणि बँक या गल्लीत फक्त मलाच कळते, असं त्यानंच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"काय लिहिलं होतं त्यानं जवारीबद्दल?" उस्तादांनी विचारलं. "वाच."

अश्फाकनं मोबाइल काढला. इंग्रजी वाचत वाचत तो मराठीत सांगू लागला. इतक्या दुःखातही त्याचा आवाज जरा खुलला.

"तुमच्या हातची तार अशी बोलते, की ऐकणाऱ्याला त्यात आपलाच श्वास ऐकू येतो."

उस्तादांची कानस थांबली.

"हे वाक्य त्याला कुठं सापडलं?"

"माझ्या वेबसाइटवर असेल. माझ्या फोटोखाली आहे."

"आणि तुला?"

अश्फाकची मान खाली गेली. याच ओट्यावर, पहिली घोडी त्याच्या हातात देताना, उस्तादांनी तार कशी बोलली पाहिजे ते सांगितलं होतं. याच शब्दांत.

मग अश्फाकनं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत बायकोच्या बांगड्या होत्या.

"काल दुसरा ई-मेल आलाय. तिकडच्या मोठ्या अधिकाऱ्याचा. चोर सापडलाय, पैसे परत मिळणार आहेत. फक्त आधी फी भरायची, आज संध्याकाळपर्यंत. मी सोनाराकडंच निघालोय. शुक्रवारी लाकडाची गाडी ठरलीय, तोवर सगळं जागेवर येईल. तुम्ही तेवढं त्या पाच घरांत काही बोलू नका."

"त्यात काय म्हटलंय तुझ्याबद्दल?"

अश्फाक घुटमळला. "तुमच्यासारख्या थोर कलावंताची फसवणूक झाली याचं दुःख वाटतं, असं."

उस्तादांनी मागं हात नेला आणि तंबोऱ्यासाठी आणलेला एक भोपळा त्याच्यापुढं सरकवला. गोल, पिवळाधमक, कुठं डाग नाही.

"वाजव."

अश्फाकनं बोटांनी टिचकी मारली. आवाज बद आला.

"ओला आहे, उस्ताद. आत गर आहे अजून."

"दिसतो कसा?"

"दिसतो सुरेख."

"चढवशील तारा?"

"छे. उन्हाळाभर टांगून ठेवीन. आत्ता कापला तर पुढं सुरकुतून बसेल."

"आणि तो चेक?"

"खात्यात रक्कम दिसत होती, उस्ताद..."

"दिसत होती," उस्ताद म्हणाले.

अश्फाक भोपळ्याकडं बघत राहिला, मग हातातल्या मोबाइलकडं. पडदा विझला होता. त्यानं तो पुन्हा उजळवला, अधिकाऱ्याचा ई-मेल वाचला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं पुरचुंडीची गाठ घट्ट बांधली, पण ती ठेवायची कुठं हे त्याला सुचेना.

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. ओट्याच्या कडेला गेले आणि गल्लीत तोंड करून त्यांनी हाक मारली.

"नजीर... बाकीच्या चार घरांनाही घेऊन ये. अश्फाकला तुमच्याशी बोलायचंय."

समोरच्या घरातला रंधा थांबला. कुणीतरी चपला पायात सरकवल्या.

अश्फाकनं धावत येऊन त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत त्यानं असा हात धरला नव्हता.

"उस्ताद, ते मला काय म्हणतील?"

उस्तादांनी हात सोडवून घेतला नाही.

"ऐकून घे. त्यात एकही शब्द गोड नसेल."