खाडीची दृष्ट

खारवलीच्या धक्क्यावर, तर म्हणजे खाडी ओलांडणारी होडी लागते तिथेच, पाण्याकडे तोंड करून एक काळा दगड उभा आहे. माणसाच्या कमरेइतका उंच. त्याच्या पोटात एक कोनाडा कोरलेला आहे आणि कोनाड्याचं छत कधी पुसत नाहीत, त्यामुळे बोट लावलं की काजळी लागते. एरवी दगड म्हटला की तिन्हीसांजेला दिवा, फुलं, नारळ आलाच. या दगडाला त्यातलं काहीच नसतं. इथे दिवा लागतो तो दिवसा, आणि तोही फक्त सूर्यग्रहण असेल तेव्हा. म्हणून त्याला दिवसदिवा म्हणतात.

मागच्या पौषात एका कॉलेजची मुलं आणि त्यांच्या मॅडम टेकडीवरचा साहेबाचा चौथरा बघायला आल्या होत्या. परत जाताना ओहोटी लागली, म्हणून सगळे धक्क्यावर खोळंबले. आमची तर चालवणारे दाजी तारी होडीतलं पाणी उपसत होते. एका मुलानं विचारलं, "काका, हा कसला देव?" दाजी म्हणाले, "देव नाय. बसा, सांगतंय." मी शाळेतून येऊन मागच्या पायरीवर बसले होते. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण त्या दिवशी मॅडमनी तिच्यात थोडी भर घातली. म्हणून लिहून ठेवते आहे.

असं सांगतात की दीडशे वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात आमच्या टेकडीवर गोरे साहेब तंबू ठोकून राहिले. त्यांनी दगडांचा चौथरा बांधला, त्यावर पितळी नळ्या आणि तिकोनी काचा लावल्या. अमावास्येला भर सकाळी सूर्य पूर्ण झाकला जाणार होता आणि तेच बघायला ते समुद्र ओलांडून आले होते. गावाला त्यांचं नवल वाटलं नाही, भीती वाटली. ज्या गोष्टीपासून तोंड लपवायचं, ती बघायला कोणी इतक्या लांबून येतं का?

त्या वेळी तरीवर रघो तारी होता. त्याची बायको भागी पूर्ण दिवसांची होती. तिचं पहिलं बाळ गेलं होतं. ते आडवं आलं होतं आणि वैजीण, म्हणजे बाळंतपण करणारी बाई, राहायची खाडीच्या पलीकडे. रघो भरतीची वाट बघत थांबला आणि वैजीण पोचेपर्यंत उशीर झाला. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. पण या वेळी रघोची आई येसू सुनेला एक पाऊल मोकळं टाकू देत नव्हती. ग्रहण जवळ आलं तशी तिनं घरातली विळी माळ्यावर टाकली आणि सुया सुपाखाली लपवल्या. भागीच्या अंबाड्याची गाठसुद्धा सोडून टाकली. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरलं, शिवलं, बांधलं तर बाळाच्या अंगावर त्याची खूण उमटते, अशी तेव्हा समजूत होती.

आणि नेमक्या त्याच सकाळी भागीला कळा सुरू झाल्या.

ग्रहणात तर बंद ठेवायची, होडी वाळूवर पालथी घालायची, अशी रीत. प्रत्येक घरानं चूल विझवायची. येसूनंही चुलीवर पाणी ओतलं, पण वैजिणीला ऊन पाणी लागेल म्हणून कोपऱ्यातले चार निखारे राखेखाली झाकून ठेवले. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. रघोनं पालथी घातलेली होडी सुलटी केली, तेव्हा शेजारपाजारचे धावत आले. त्यानं होडी पाण्यात लोटली. पलीकडे जाऊन वैजिणीच्या दारात उभा राहिला.

कोंडू वैजीण दार लावूनच बसली होती. आतूनच म्हणाली, "गिराणात होडी घालतंस? तुका खूळ लागला काय रे?"

"काकी, गेल्या खेपेक मी थांबलंय. ह्या खेपेक थांबूचंय नाय."

दार उघडलं. होडीत बसताना ती म्हणाली, "वल्हव आता. आणि माझ्या तोंडाकडे बघू नको, मीच घाबरलंय."

होडी अर्ध्या खाडीत आली तेव्हा उजेड उतरू लागला. अमावास्येची ओहोटी, पाणी समुद्राकडे धावत होतं. वर ढग होते, त्यांच्या फटीतून सूर्याची कोर दिसत होती. ती बारीक झाली आणि विझली. म्हणे बगळे ओरडत झाडांवर परतले, मग तेही गप्प झाले. रघोला वल्ह्याचं टोक दिसेना. आमच्या धक्क्याच्या खालच्या अंगाला खडकांची रांग आहे. भरतीत ती बुडते, ओहोटीत तिचे सुळे वर येतात. एरवी रात्री तारी घरातल्या दिव्यांवर नजर ठेवून होडी आणतो. त्या क्षणी गावात एकही दिवा नव्हता, चूल नव्हती.

फक्त एक दिवा होता. टेकडीवर साहेबानं घड्याळ बघायला कंदील लावला होता.

रघोला वाटलं, आपलंच गाव. त्यानं होडीची नाळ, म्हणजे पुढची निमुळती बाजू, कंदिलाकडे वळवली. टेकडीखालीच ते खडक.

इकडे येसू दारात उभी होती. आत सून कण्हत होती, बाहेर खाडी दिसत नव्हती, फक्त पाण्याचा आवाज येत होता. एकदा आत जाई, एकदा बाहेर येई. शेवटी आतून भागी ओरडली, "आये, माझ्याकडे काय बघतास? खाडीकडे बघा!"

मग येसूनं राखेखालचे निखारे खापरात घेतले. ग्रहणात आग पेटवली तर नातवाचं काय होईल हे तिला ठाऊक होतं, निदान ठाऊक आहे असं तिला वाटत होतं.  धक्क्यावर येऊन तिनं झावळ्यांच्या चुडत्या पेटवल्या. पावसाळी चुडत्या, धूर फार, जाळ तांबडा आणि मंद. तेवढ्यानं काय होणार? तेव्हा ती धावत घरात गेली आणि मिठाचं मडकंच उचलून घेऊन आली.

आमचं गाव मिठागरांचं. लहान मूल रडलं, गाय दूध देईना, होडी नवी केली, काहीही झालं तरी मीठ ओवाळून आगीत टाकायचं, ही इथली सवय. येसूला त्या वेळी खूण करायचं सुचलं होतं की नुसती भीती दाटली होती, ते कुणी सांगू शकत नाही. दाजी म्हणतात, भीतीच. तिला मुलगा दिसत नव्हता, म्हणून दृष्ट कुणाची काढायची तेही कळेना. तेव्हा तिनं समोरच्या अंधारावरून मुठी ओवाळल्या आणि अख्ख्या खाडीची दृष्ट काढली. मीठ तडतडलं. तांबडा जाळ एकदम पिवळाधमक झाला.

रघो लहानपणी हा पिवळा जाळ बघायला मुद्दाम रडायचा, असं सांगतात. पाण्यावरून तो रंग दिसताच त्याला कळलं की वरचा दिवा आपला नाही. त्यानं नाळ वळवली. वैजीण नंतर सांगायची, की खडकाला तिचा हात लागला होता.

होडी धक्क्याला टेकली आणि रघो इतकंच म्हणाला, "आग दिसली गे, आये."

ढगाच्या फटीत सूर्याची कड चमकली. बाळ जन्मलं तेव्हा उजेड झाला होता. मुलगी झाली. पण कुणी साखर वाटली नाही. कोंडूनं बाळाचे ओठ, कान, बोटं नीट बघितली, मग पुन्हा बघितली. येसू वैजिणीच्या तोंडाकडे बघत राहिली. "सगळा जागच्या जागी असा," कोंडू म्हणाली, तेव्हा कुठे ती खाली बसली.

दुपारी साहेब दुभाष्याला घेऊन टेकडी उतरला. तोही बेचैन होता म्हणे. सूर्य झाकला असताना त्याला तिकोनी काचेतून उजेडाची एक पिवळी रेघ दिसली होती, आणि मिठाच्या जाळाचा उजेड त्या काचेतून पाहिला तर अगदी तशीच रेघ दिसते. खाली पिवळी आग त्यानंही बघितली होती. आपण सात समुद्र ओलांडून येऊन सूर्य बघितला की एका म्हातारीचं मीठ, याच धास्तीनं तो आला होता. त्यानं विचारलं, आगीत काय टाकलंत?

येसू दुभाष्याला म्हणाली, "त्याका सांग, तुझ्या दिव्यान माझो झील खडकार जायत होतो. माझ्या मिठान तो वाचलो."

दुभाष्यानं यातलं किती सांगितलं, कोण जाणे. साहेबानं मूठभर मीठ मागून घेतलं, आगीत टाकलं आणि काचेतून बघत बसला. मग जवळजवळ पळतच टेकडी चढला. त्याची रेघ मिठाच्या रेघेच्या अगदी शेजारी होती, पण तीच नव्हती.

दाजींची गोष्ट इथपर्यंत येते. त्या दिवशी मॅडम पुढे बोलल्या. आपल्या टेकडीवर कोण होतं याची नोंद त्यांनी कुठे वाचलेली नव्हती, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. पण त्या ग्रहणात ती पिवळी रेघ ठिकठिकाणच्या शास्त्रज्ञांनी पाहिली, हे खरं. बऱ्याच जणांना आधी ती मिठातल्या सोडियमची वाटली. मग कळलं की ती पृथ्वीवर कुणाला माहीत नसलेल्या एका वायूची आहे. त्याला सूर्यावरूनच हेलियम हे नाव मिळालं. पृथ्वीवर तो सापडला सत्तावीस वर्षांनी, एका दगडात. आता तो फुग्यांत भरतात.

दाजींनी उपसणं थांबवलं. "म्हणजे साहेबाक सूर्यात येसूचा मीठ नाय गावला?"

"नाही."

"बरा झाला. ता आमचा होता."

मुलं हसली. दाजी हसले नाहीत, त्यांनी दगडाकडे बघितलं. साहेब गेल्यावर रघोनं चौथऱ्याचाच एक दगड खाली आणून, आग पेटली होती तिथे रोवला. टेकडीवर दिवा राहू नये, धक्क्यावर राहावा, म्हणून.

ती मुलगी, सुंद्री, दाजींची पणजी. ती मोठी झाली तरी बायका बोलता बोलता तिच्या बोटांकडे बघत, अजून काही उमटेल म्हणून. येसू तर मरेपर्यंत बघत होती. जवळजवळ तीस वर्षांनी इथे पुन्हा सूर्य पूर्ण झाकला गेला, तेव्हा सुंद्रीच्या पोटात मूल होतं. तिला घरात कोंडायचं ठरलं. ती म्हणाली, "माझ्या बापाशीक ज्या आगीन तारला, ती मी पेटवूची नाय?" धक्क्यावर येऊन तिनं कोनाड्यात दिवा लावला. तिचा नवरा तर घेऊन पलीकडे गेला. आजूबाजूच्या गावांत होड्या पालथ्या होत्या. आमची एकटी पाण्यात होती.

आजही सूर्यग्रहण लागलं की खारवलीची तर बंद होत नाही. दाजी रिकामी होडी घेऊन पलीकडे जातात आणि उजेड उतरला की परत फिरतात. गावात कुणाला दिवस गेले असतील तर दिवा तीच लावते आणि ज्योतीत चिमूटभर मीठ सोडते. मागच्या ग्रहणात माझ्या वहिनीनं लावला. आई तिच्या मागे उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून. वहिनीच्या दोन काड्या विझल्या आणि कुणी तिला घाबरू नको असं म्हणालं नाही. तसं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. ज्योत तडतडते, पिवळी होते, आणि होडी येईपर्यंत धक्क्यावर कुणी बोलत नाही, मुलंसुद्धा. ग्रहण थोडंसंच असलं, पाणी स्वच्छ दिसत असलं, तरी नाही.

मग नाळ धक्क्याला टेकते. दाजी वल्हं आत घेतात, दिव्याजवळ उभी असेल तिच्याकडे बघतात आणि म्हणतात, "दिसली गे."