उसाआधी हरभरा

चाळिशीतल्या यमुनाक्कांनी गावच्या पाच किलोमीटरच्या शर्यतीत पहिल्यांदाच उतरायचं ठरवलं. आठवड्यातले तीन दिवस त्या पळत, बाकीचे दिवस विहिरीत पोहत नाहीतर सायकल हाणत. नावं लिहून घेणारे बागाईतदार आबासाहेब सगळ्यांदेखत गरजले, "शर्यत पळायची आणि सराव पोहायचा? असल्यांचं नाव मी लिहीत नाही!"

यमुनाक्का शांतपणे म्हणाल्या, "आबासाहेब, औंदा तुमचा ऊस गावात एक नंबर. त्याआधी त्या रानात काय होतं?"

"हरभरा!" आबासाहेबांनी मिशीला पीळ दिला. "उसावर ऊस घेतला की रान थकतं. मधे हरभऱ्याचा बेवड लागतो, पीक पालटलं की रान ताजं होतं, एवढंही कळत नाही?"

"कळतं की! म्हणून तर माझ्या पळण्याला मी पोहण्याचा बेवड ठेवलाय."

चावडीवर हशा पिकला. स्वतःच्याच रानात सापडलेल्या आबासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.