लाडकीबाईच्या घरचं दूध

"औषध तेच होतं, महाराज. मग तिथली पोरं का गेली?"

दौलतगीर मठाच्या दारातच उभा होता. खांद्यावरची झोळीही त्याने उतरवली नव्हती.

कमळगीर महाराज चुलीपुढे नाचणीची आंबील ढवळत होते. जडीबुटीची विद्या त्यांनीच त्याला दिली होती. 'माझ्या हाताला यश आहे,' असं तो चारचौघांत बोलून दाखवी. डोंगरावरच्या पाड्यात गोवराची साथ आली, तेव्हा तो हट्टाने एकटाच गेला होता.

"खाली गावात पाटलांची नात याच काढ्याने गोवरातून उठली. आणि वर..."

"ती काढ्याने उठली, हे तुला कुणी सांगितलं?"

पाटलांचं घर दौलतगीराच्या डोळ्यांपुढे आलं. वरण-भातावर तुपाची धार, उकडलेली अंडी, पेलाभर दूध. आजारी पडण्याआधीही ती पोर तेच खात होती.

"वरची पोरं कशी होती?"

"उचलून घेतलं की हाताला नुसती हाडं लागायची. गोवर उतरला की खोकला धरायचा, खोकला सरला की हगवण. अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं, महाराज."

"खात काय होती?"

"घराघरांतल्या कणग्या रिकाम्या. रानातले कंद उकडायचे... तेही सापडले तर."

"आणि तू?"

दौलतगीराने मान खाली घातली.

"लाडकीबाईच्या घरी उतरलो होतो. ती भाकरी द्यायची. शेळीचं दूध द्यायची. साधूला उपाशी कसं ठेवायचं, म्हणायची."

"तिच्या घरात कुणी आजारी?"

"तिची मुलगी. बुधी."

"तिला काय दिलंस?"

"काढा."

"तू स्वतः दूध पिऊन झाल्यावर?"

चुलीतली लाकडं तडतडली.

"हो," दौलतगीर म्हणाला. "बुधी कोपऱ्यातून बघत असायची... मला वाटायचं, औषधाची वाट बघतेय."

तो चुलीपाशी आला. औषधांची झोळी खांद्यावरून ओढून तो चुलीत घालणार, तोच महाराजांनी त्याचं मनगट धरलं.

"औषधाचा काय दोष?"

"मग कुणाचा?"

महाराजांनी आंबील मडक्यात ओतली, वर फडकं बांधलं आणि मडकं त्याच्यापुढे सरकवलं.

"मला घास उतरायचा नाही, महाराज."

"तुझ्यासाठी नाही ते."

दौलतगीर मडक्याकडे बघत राहिला.

"बुधी गेली, महाराज. आता हे कुणाला नेऊ?"

"त्या बाईला आणखी मूल?"

"धाकटा आहे. तो धडधाकट आहे. त्याला अजून काही झालेलं नाही."

"काही झालेलं नाही?..." महाराज म्हणाले. "जेवलाय का तो?"