अरणीची दोरी

पूर्वी कृतयुगात, जेव्हा हरिणे ऋषींच्या ओंजळीतून निर्धास्तपणे नीवाराचे रानभात खात आणि देव हाकेच्या अंतरावर असत, तेव्हा पयोष्णीतीरीच्या आश्रमात वाढलेला उदर्च नावाचा तपस्वी एका निर्जन शिखरावर बारा वर्षे अखंड अग्नी राखून बसला होता. व्रत पुरे होताच सप्तर्षींच्या पंक्तीत त्याला आसन मिळायचे होते.

शेवटच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी समिधा वाहता वाहता तो बोलून गेला, "हे तप माझ्या एकट्याचे! कोणाच्या उपकाराचा कणही यात नाही."

एवढे तो बोलला मात्र, कुंडातला अग्नी विझला. अग्निदेवाची आकाशवाणी झाली, "एकट्याचे ना? मग सूर्यास्तापूर्वी एकट्याने मला प्रकट कर. न जमल्यास तुझे व्रत भंगले!"

उदर्चाने अग्नी घुसळून काढायची लाकडी अरणी मांडली, मंथनदंडाला दोरी गुंडाळली. पण दोरी ओढायला दोन्ही हात लागत, मग दंड दाबून धरणार कोण? त्याने तो हनुवटीने दाबला, छातीने दाबला. दंड निसटतच राहिला, तळहात मात्र सोलून निघाले.

तेव्हा त्याला आश्रमातल्या सकाळी आठवल्या. गुरुपत्नी अनुमती दंड धरीत, तो दोरी ओढी, आणि सहाध्यायी सुमेध हसे, "अरे, अग्नी काढतोस की ताक घुसळतोस?" मंत्र चुकला की तोच हळूच पुढचा शब्द पुरवी. आणि या कुंडात पहिले निखारे आले कुठून? निघताना माउलीनेच ते मडक्यात घालून दिले होते. हे आपण विसरलो कसे?

"माते! सुमेधा!" त्याने टाहो फोडला.

"आलो रे बाबा! दम तरी घेऊ दे!" चढणीवरून सुमेधाचा आवाज आला. त्याच्या खांद्याचा आधार घेत, तुपाचे पात्र सांभाळीत वृद्ध अनुमती येत होत्या.

"आज तुझे पारणे ना, बाळा? बारा वर्षे तुझ्या नावाने तुळशीपाशी दिवा लावते आहे. दिवस कशी विसरेन?"

उदर्चाने त्यांचे पाय धरले. "माते, मी म्हणालो, सारे एकट्याचे..."

"रडणे मागाहून. सूर्य टेकला बघ!" त्यांनी दोन्ही हातांनी दंड दाबला. एका टोकाला उदर्च, दुसऱ्या टोकाला सुमेध. धूर निघाला, ठिणगी पडली, आणि सूर्याची कोर बुडण्याआधी ज्वाळेतून अग्निदेव प्रकटले.

"'एकट्याचे' हा हट्ट तू सोडलास, तुझे व्रत पुरे झाले. वर माग. सप्तर्षींत तुझे आसन सिद्ध आहे."

"देवा, ते आसन राहू दे. मला पुन्हा आश्रमात जाऊ दे, आणि तू कधीही एकट्याच्या हाताला प्रकट होऊ नकोस."

"तथास्तु!"

म्हणून अरणी घुसळताना एक दंड धरतो, दुसरे दोरी ओढतात. उदर्चाचे नाव नक्षत्रांत सापडायचे नाही. पयोष्णीतीरी नवा शिष्य मंथनाला बसला, की दोरीच्या दुसऱ्या टोकाशी म्हातारा उदर्च असे आणि हसून विचारी, "काय रे, ताक घुसळतोस की काय?"