कोठाऱ्याची कोरडी होडी

खूप खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हाच्या राजाचे नाव आज कुणाला आठवत नाही, आणि त्याच्या कोठाऱ्याचे तर तेव्हाही फारसे कुणाला ठाऊक नव्हते. पण नदीकाठच्या त्या राज्यात दुष्काळातही कुणी उपाशी झोपले नाही, ते या कोठाऱ्यामुळे.

धान्य राखावे तर त्यानेच. ओल लागली की वस्तू गेली, ही त्याची एकच शिकवण. कोठारात शिरण्याआधी तो माणसांना पाय पुसायला लावी. एकदा तर पावसात भिजून आलेल्या प्रधानालाही त्याने दाराबाहेर उभे केले, आणि प्रधान बिचारा अंगावरचे पाणी निथळेपर्यंत मुकाट्याने उभा राहिला. दर उन्हाळ्यात कोठारी धान्याला ऊन दाखवी, त्यात कडुनिंबाचा पाला घाली, आणि वर्षभर दाणा न् दाणा खणखणीत राही.

त्याची बायको मात्र पाण्यावर वाढलेली. नदी समुद्राला मिळते तिथून पुढे एक बेट होते, ती तिथल्या नावाड्याची मुलगी. लग्न होऊन ती नदीच्या वरच्या अंगाला इतक्या लांब आली की माहेर म्हणून तिला आमसुलांची एक पुरचुंडी तेवढी उरली. पावसाळा सरला की व्यापाऱ्यांच्या गलबतातून ती पुरचुंडी येई, आणि तिच्यासोबत आईचा निरोप, "यंदा येताय ना?"

ती कितीतरी वेळ पुरचुंडी नाकाशी धरून बसे. कोठारी ते दारातून बघे.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "लोक हातपाय थकल्यावर चाकरी सोडतात. मी आधीच सोडतो. आपण आपली होडी बांधू. आधी तुझ्या आईला भेटू, मग पाणी नेईल तिकडे हिंडू. एका बंदरात जेवायचं, दुसऱ्या बंदरात झोपायचं."

ती हसली. लग्नानंतर ती इतकी मोकळी क्वचितच हसली होती.

"सुकाणू मी धरीन," ती म्हणाली. "ते तुम्हाला नाही जमायचं." आणि त्याच वर्षी तिने आईला उलटा निरोप धाडला, आम्ही दोघे आमच्या होडीतून येतोय.

कोठारी राजाकडे गेला. राजा भला होता. "केस काळे आहेत तोवर निघायचं म्हणतोस? हेवा वाटतो रे तुझा," तो म्हणाला. "जा. इथलं आम्ही सांभाळून घेऊ."

होडी बांधून झाली. सागवानी फळ्या, त्यांच्या सांध्यांत ठासलेला काथ्या, पांढरे शीड. आता फक्त निघायचे राहिले होते. पण "आम्ही सांभाळून घेऊ" हे राजाचे शब्द कोठाऱ्याच्या मनात सलू लागले. आपल्यावाचून सारे सुरळीत चालेल, हे ऐकायला कुणाला गोड लागते? तुम्हा-आम्हालाही लागत नाही.

"एवढी सुगी होऊ दे," तो बायकोला म्हणाला. सुगी झाली. मग नव्या कोठाराच्या भिंती वाळायच्या होत्या. मग उंदीर माजले. मग हाताखालचा माणूस कच्चा वाटू लागला, म्हणे, तो किल्ली उलटी घालतो. तो माणूस किल्ली घालता घालता आजोबा झाला, तरी कोठाऱ्याच्या लेखी कच्चाच राहिला.

होडी मात्र त्याने जिवापाड जपली. अंगणात दगडांवर चढवून वर छप्पर घातले. उन्हाळ्यात छप्पर काढून तिला ऊन दाखवले. तिच्या पोटात कडुनिंबाचा पाला पसरला.

"अहो, ती काही धान्य नाही," बायको म्हणे. "नदीत नुसती बांधून ठेवा. होडीला पाणी लागतं."

"आणि कुजू देऊ? जन्म गेला माझा वस्तू राखण्यात. एक थेंब लागू देणार नाही मी तिला."

एकदा तिचा उतरलेला चेहरा पाहून तो म्हणाला, "तू गलबतातून जाऊन ये ना."

"आणि आईनं विचारलं, जावई कुठे आहेत, तर काय सांगू? कोठारात आहेत म्हणून?"

त्यानंतर ती होडीविषयी बोलेनाशी झाली. पुरचुंडी येत राहिली. "यंदा येताय ना?" कोठारी गलबतवाल्यांना सांगून पाठवी, "पुढच्या वर्षी नक्की." तो हे दरवर्षी अगदी मनापासून सांगे. संध्याकाळी दोघे ओट्यावर बसत आणि नदी वाहत जाताना बघत. ती पाण्याकडे बघताना तिची बोटे मांडीवर हलत, सुकाणू फिरवल्यासारखी. पुढे पुढे ती बोटे आखडत गेली आणि हलायची थांबली.

एका वर्षी गलबत आले, पण पुरचुंडी आली नाही. "वारा उलटा होता, यंदा बेटावर थांबलोच नाही," व्यापारी म्हणाले. बायको घरात गेली, आदल्या वर्षीच्या पुरचुंडीचे रिकामे फडके काढले आणि नाकाशी धरून बसली. ते कोठाऱ्याने दारातून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने किल्ल्या राजापुढे ठेवल्या. राजाही आता म्हातारा झाला होता. तो बुचकळ्यात पडला. "अरे, मला वाटलं, तू केव्हाच जाऊन आलास."

गावकऱ्यांनी होडी नदीत लोटली. आणि बघता बघता ती भरली. उन्हाने फळ्या आकसल्या होत्या, सांधे उघडले होते, चाळणीतून यावे तसे पाणी चहूकडून आत आले. कोठारी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बघत राहिला.

"मी हिला एक थेंब लागू दिला नव्हता," तो म्हणाला.

"म्हणूनच," बायको म्हणाली.

मग तीही पदर खोचून पाण्यात उतरली. "बुडू द्या तिला. लाकडाला तहान लागलीय. पोटभर पिऊन फुगलं की सांधे आपोआप मिटतील."

त्यांनी होडीत दगड घातले आणि ती बुडवून ठेवली. ज्या माणसाने कोठाराच्या उंबऱ्यावर ओला पाय पडू दिला नाही, तो काठावर बसून आपली सर्वांत लाडकी वस्तू पाण्याखाली बघत होता. रोज त्याला वाटे, उठावे आणि तिला वर काढावे. बायको म्हणे, "थांबा. आता घाई नको." शेवटी दगड काढले, पाणी उपसले. होडी तरंगली, आणि एक थेंब आत आला नाही.

ते निघाले. बायकोच्या बोटांत सुकाणू धरण्याचे बळ उरले नव्हते. सुकाणू त्याने धरले आणि शेजारी बसून ती सांगत गेली. नदी रुंदावत गेली. वाऱ्याला खारट वास येऊ लागला तशी ती उठून पुढे जाऊन उभी राहिली, ती बेट दिसेपर्यंत बसलीच नाही.

बेटाच्या धक्क्यावर होड्यांची दाटी होती. दोर बांधायचा एकच खुंट मोकळा होता. कोठाऱ्याने होडी तिकडे वळवली, तसा धक्क्यावरचा एक नावाडी हात हलवत पुढे आला.

"तिथे नको, पाव्हणं. त्या खुंटाला आम्ही कुणी होडी बांधत नाही. म्हातारीच्या जावयाची होडी यायची आहे."

"आई कुठे आहे?" कोठाऱ्याच्या बायकोने विचारले.

नावाड्याने तिच्याकडे नीट पाहिले आणि त्याचा आवाज खाली आला. "पावसाळ्याच्या तोंडावर गेली, बाई. रोज इथे येऊन बसायची. खुंट मोकळा ठेवू, असा शब्द दिला होता तिला."

कोठाऱ्याच्या हातात दोर तसाच होता. "तो जावई मी," तो म्हणाला.

नावाड्याने त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि तो बाजूला झाला. धक्क्यावरच्या बाकीच्या खुंटांवर दोरांच्या घासण्याने खोल वळ पडले होते. या खुंटावर एकही वळ नव्हता. बायकोने आपली आखडलेली बोटे त्या कोऱ्या लाकडावर ठेवली आणि ती रडू लागली. कोठाऱ्याला तिची समजूत घालता येईना. त्याने खाली वाकून दोर बांधला, तेवढेच त्याला करता आले.

पुढे दोघे पुष्कळ बंदरे हिंडले, आणि ती बंदरे सुंदरही होती. पण प्रत्येक धक्क्याला लागताना बायकोची नजर आधी मोकळा खुंट शोधी, आणि कोठारी मान खाली घाली. होडी काठावर घेऊन वाळवा असे कुणी सुचवले, तर तो म्हणे, "नको. तिला पाण्यातच असू द्या."

तात्पर्य: धान्य राखून ठेवता येते, निघण्याची वेळ राखून ठेवता येत नाही.